सगळ्यात वाईट फेक कुठं पडली?

थाळीफेकीच्या अंतिम फेरीत पोचलेल्या खेळाडूला सहा संधी मिळतात आणि निकाल लागतो तो त्यांतल्या सगळ्यात लांबच्या फेकीवर. बाकीच्या पाच जाळीत अडकल्या काय किंवा रेषेबाहेर गेल्या काय, फारसं कुणी विचारत नाही. डिस्क गोल्फमध्ये मात्र फेकलेली प्रत्येक डिस्क हिशेबात धरतात, आणि ती जिथं पडेल तिथूनच पुढची फेक करावी लागते. मग ती जागा हिरवळीवरची असो, नाहीतर बाभळीखालची. पारनेर तालुक्यातल्या एका गायरानावर आषाढातल्या वाऱ्यात जो वाद रंगला, त्याचं मूळ या फरकात होतं. वाद घालणाऱ्या दोघांच्या हे लक्षात यायला बराच वेळ लागला.

एका बाजूला सर. नगर शहरातल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) एका शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या बाजूला त्यांच्याच हाताखाली थाळीफेक शिकलेली त्यांची विद्यार्थिनी, आता पारनेरकडच्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारी. शाळेत तिला सगळे बाई म्हणतात, म्हणून इथंही बाईच. मी दोघांच्या ओळखीचा, आणि त्या दिवशी पडलेल्या डिस्क उचलून आणण्याच्या कामावर.

सरांची लेक फिनलंडमध्ये असते. तिथं गावोगाव डिस्क गोल्फची मैदानं आहेत, शाळेत खेळाच्या तासालाही मुलं डिस्क फेकतात, आणि २०२५ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, उत्तर अमेरिकेबाहेर पहिल्यांदाच, तिथल्या नोकिया आणि टाम्परे या गावांत झाली. लेकीनं आधी लेपर्ड नावाची डिस्क पाठवली होती. ती फेकून फेकून सरांनी तिची कड खरबडून टाकली. या खेपेला टीबर्ड आली. दोन्ही फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे अगदी लांब पल्ल्याच्या नव्हेत आणि टोपलीजवळ हळूच टाकायच्याही नव्हेत, मधल्या पल्ल्याच्या, सरळ रेषेत जावं अशी अपेक्षा असलेल्या. टोपली म्हणजे या खेळातलं लक्ष्य: खांबाला लोखंडी टोपली, वर लोंबणाऱ्या साखळ्या, डिस्क साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झालं. सरांनी ती सायकलच्या जुन्या रिंगला साखळ्या टांगून घरीच केली आहे.

बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला तो असा:

"सर, एक डिस्क होती ना तुमच्याकडं? मग दुसरी कशाला? हाताचं दुखणं हत्याराच्या माथी मारायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"शिकवलं. पण राज्य स्पर्धेत तू कुणाची तरी परदेशी थाळी मागून घेतली होतीस, ते आठवतंय का?"

बाई हसल्या. आठवत होतं. थाळी दिसायला सारखीच, वजनही नियमाप्रमाणं बायकांसाठी असतं तेवढंच, एक किलो. पण त्या थाळीचं बरंचसं वजन कडेला होतं. अशी थाळी एकदा जोरात फिरली की फिरत राहते आणि लांब जाते. पण ती फिरवायला मनगटात आणि बोटांत तसा जोर लागतो. बाईंची रोजची थाळी शाळेतली, लाकडी, कडेला लोखंडी पट्टी असलेली. परदेशी थाळी त्यांच्या हातून डुगडुगत गेली आणि नेहमीच्या अंतराच्याही अलीकडं पडली.

"म्हणजे हत्यारात फरक असतो," सर म्हणाले.

"म्हणजे हात तयार नसताना भारीतलं हत्यार घेऊ नये," बाई म्हणाल्या.

एकाच प्रसंगातून दोघांनी आपापल्या सोयीचं काढलं. पुढचा तासभर हेच चाललं.

सरांनी नव्या डिस्कवरचे आकडे दाखवले. उत्पादक प्रत्येक डिस्कचे चार आकडे सांगतो. टीबर्डचे ७, ५, ०, २. लेपर्डचे ६, ५, उणे २, १. पहिला आकडा वेगाचा: डिस्क नीट उडायला हातून किती वेगानं सुटायला हवी. दुसरा तरंगण्याचा. तिसरा सांगतो की वेगात असताना डिस्क उजवीकडं किती कलंडेल, आणि चौथा सांगतो की वेग संपत आल्यावर डावीकडं किती वळेल. हे सगळं उजव्या हातानं, छातीसमोरून आडवी ओढून फेकणाऱ्यासाठी. डावरा असाल तर आरसा धरा.

"आकडे छापले की शास्त्र झालं का?" बाई म्हणाल्या. "बियाण्याच्या पाकिटावरही एकरी उतारा छापलेला असतो."

"आकड्यांवर विश्वास ठेवू नको. पण पहिल्या आकड्यावर ठेव. नवखी मुलं बारा-तेरा वेगाची डिस्क घेतात, लांब जाईल म्हणून, आणि ती सहाच्या डिस्कपेक्षाही जवळ पडते. वर डावीकडं भसकन वळते ती वेगळीच."

"हे पटतं. गोफणीत मोठा धोंडा घातला म्हणून तो लांब जात नाही. हाताला जेवढा फिरवता येईल तेवढाच जातो."

लहानपणी बाजरीच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या बाईंना हे कुणी वेगळं शिकवायला नको होतं. त्यांनी दोन्ही डिस्क हातात घेतल्या आणि अंगठा कडेवरून फिरवला. टीबर्डची कड गुळगुळीत आणि थोडी अधिक रुंद. लेपर्डच्या कडेवर काळ्या दगडानं पाडलेले दाते. त्यांतले अंगाला टोचणारे सरांनी पॉलिश पेपरनं घासून काढले होते. नियमात तेवढी मुभा आहे. ही कड म्हणजे या खेळाचा खरा शोध. आधीची फ्रिस्बी कडेला गोलसर असायची. १९८३ साली, म्हणजे कपिलदेवच्या संघानं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला त्याच वर्षी, डेव्ह डुनिपेस या अमेरिकी माणसानं कड निमुळती करून ईगल नावाची डिस्क बनवली. हवा कापणारी ही कड आली आणि फेकीचं अंतर वाढलं. आता नियमानं कडेची रुंदी जास्तीत जास्त २.६ सेंटिमीटर ठेवता येते. सरांच्या दोन्ही डिस्क त्याच्या बऱ्याच अलीकडच्या.

"दगडावर आपटून आपटून डिस्क मुरते," सर म्हणाले. "लेपर्ड आली तेव्हा जरा सरळ जायची. आता उजवीकडं जास्तच कलंडते. फिनलंडात डिस्क पडते गवतावर नाहीतर पाइनच्या सुयांवर. आपल्याकडं मुरूम आणि काळा दगड. छापलेले आकडे आपल्या माळावर लवकर जुने होतात."

"म्हणजे आकडे खोटे पडले, डिस्क बदलली, आणि तुम्ही नवीन मागवली. खेळ कोणता चाललाय सर, फेकायचा का खरेदीचा?"

हा टोला बसला. कारण या खेळात खरेदीचं वेड मोठं आहे, हे सरही नाकारत नाहीत. चांगल्या प्लास्टिकची एक डिस्क अमेरिकेत दहा ते वीस डॉलरना मिळते, आणि हौशी माणसाच्या झोळीत बघता बघता वीस-पंचवीस जमतात. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथ या खेळाडूनं डिस्क्राफ्ट या कंपनीशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला, तो काही कंपनीनं धर्मादाय म्हणून केलेला नव्हता.

वारा पश्चिमेकडून होता. पारनेरच्या या पठारावर आषाढात तो कसा असतो, हे कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या करणाऱ्यांना ठाऊक होतं. सरांनी वाऱ्याकडं तोंड केलं. बाईंच्या डोळ्यांत चमक आली, कारण थाळीफेकीत समोरचा वारा म्हणजे देवाची देणगी. शंभर मीटर धावताना पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. थाळीफेकीला असं कसलंच बंधन नाही. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधल्या रामोना इथं, वाऱ्यासाठीच नावाजलेल्या माळावर, आधी २०२४ मध्ये ७४.३५ मीटर आणि मग २०२५ मध्ये ७५.५६ मीटर थाळी फेकली. त्याआधीचा विक्रम १९८६ पासून कुणाला हलला नव्हता.

"वाऱ्यावर टाकते," म्हणून बाईंनी जुनी लेपर्ड घेतली.

फेक झकास होती. खांद्यात ताकद आहेच. डिस्क वर चढली, उजवीकडं कलंडली, वाऱ्यानं तिला आणखी कलंडवलं, ती कडेवर उभी राहिली, खाली आली आणि कडेवरच गडगडत निघाली. उतारावरून ओढ्याकडं. सरांच्या सगळ्या फेकींच्या पुढं गेली.

"बघा, किती लांब."

"बघितलं. आता तिथून टाक."

ओढ्याच्या काठावर बाभळीचं झुडूप होतं, डिस्क त्याच्या बुडाशी. बाईंनी वाकून पाहिलं. हात मागं न्यायला जागा नाही, ओढणी काट्यात अडकलेली, आणि टोपली झुडपाच्या बरोबर पलीकडं. गुडघ्यावर बसून त्यांनी डिस्क कशीबशी बाहेर ढकलली. ती पाच-सहा पावलं गेली.

मग सरांनी त्याच जागेवरून, त्याच वाऱ्यात टीबर्ड टाकली. पन्नास-पंचावन्न मीटर, बेताची उंची. बराच वेळ सरळ गेली, शेवटी डावीकडं झुकली आणि थबकली. पुन्हा टाकली. पुन्हा तिथंच आसपास. एक फेक तर साफ चुकली होती, हातून लवकर सुटलेली. तीही पडली ती टोपलीपासून दिसेल अशा मोकळ्या जागेत.

"समोरचा वारा थाळीला उचलतो," सर सांगू लागले, "पण ही पावणेदोनशे ग्रॅमची चकती आहे. वारा समोरून आला की डिस्कला वाटतं आपला वेग वाढला. वेगात जी आधीच कलंडते, ती आणखी कलंडते. लेपर्डचा तिसरा आकडा उणे दोन, त्यात ती झिजलेली. टीबर्डचा शून्य, वर नवी. म्हणून ती तग धरते. वारा पाठीवर घे, मग उलट होईल बघ."

झालंही तसंच. पूर्वेकडं तोंड केल्यावर टीबर्ड लवकर बसू लागली, डावीकडं ओढू लागली. आणि कलंडणारी लेपर्ड पाठीवरच्या वाऱ्यात बरीचशी सरळ होऊन टीबर्डच्या पुढं पडू लागली. नवी डिस्क चांगली की जुनी, असा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला उत्तर मिळालं ते असं की तोंड कुठं आहे ते आधी सांग.

इथवर वाद सरांनी जिंकला असं वाटेल. पण बाईंचा मुद्दा संपला नव्हता, आणि मला तो सरांच्या मुद्द्याहून वजनदार वाटला.

"सर, तुमचं गणित मला कळलं. तुम्ही विचारता, सगळ्यात वाईट फेक कुठं पडली. मी विचारते, सगळ्यात चांगली कुठं पडली. माझ्या वर्गातली पोरगी पहिल्यांदा थाळी हातात घेते तेव्हा तिला माहीत नसतं की आपल्या अंगात काय आहे. सहांतल्या पाच वाया जाऊ द्या, पण सहावी अशी जाते की तिचं तिलाच नवल वाटतं. त्या एका फेकीवर ती वर्षभर मैदानावर येते. तुमच्या खेळात तिला पहिल्या दिवसापासून सांगायचं, जपून टाक, वाकडी जाऊ देऊ नको. घरी तेच ऐकते ती, सकाळ-संध्याकाळ."

सर गप्प बसले. मीही.

"आणि दुसरं. पालक येऊन विचारतात, बाई, याचे दहावीला मार्क मिळतात का? थाळीफेकीत जिल्हा, विभाग, राज्य असं चढत गेलं तर सवलतीचे गुण मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. या प्रमाणपत्रांवर घरं उभी राहतात आमच्याकडं. डिस्क गोल्फला यातलं काय आहे?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "पण तुझ्या वर्गात पोरं किती? आणि थाळ्या किती?"

पोरं साठ, थाळ्या दोन, त्यांतल्या एकीची पट्टी सुटलेली. शिवाय थाळी पडते त्या दिशेला कुणी उभं राहायचं नाही, म्हणजे एकानं टाकायची आणि एकोणसाठांनी बसून बघायचं. जिल्हा पातळीवर जाणारी त्यांतली एखादी. उरलेल्यांचा खेळाचा तास बसण्यातच जातो, हे बाई नाकारू शकल्या नाहीत. डिस्क अंगावर आली तर लागते, समोर माणूस असताना फेकायची नाही हा नियम तिथंही पहिला. पण मैदान सपाट लागत नाही, चुन्याच्या रेषा लागत नाहीत, झाडं तोडावी लागत नाहीत. उलट झाडं हवीतच. या खेळातलं पहिलं कायमचं मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत आखलं गेलं, तेही झाडाझाडांतूनच. आखणारा एड हेड्रिक. यानंच फ्रिस्बीला आजचं स्थिर उडणारं रूप दिलं आणि १९६७ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. २००२ मध्ये तो गेल्यावर त्याच्या इच्छेनुसार त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या. हे ऐकून बाई म्हणाल्या, "आपल्याला अस्थी सोडायला प्रवरासंगम पुरतो." वादाच्या मध्ये एवढीच काय ती विश्रांती.

मग सरांनी एक गोष्ट काढली, ती बाईंना परकी वाटण्याचं कारण नव्हतं. श्रीरामपूरचा झहीर खान २०११ च्या क्रिकेट विश्वचषकात नकल बॉल नावाचा संथ चेंडू घेऊन आला. एकवीस बळी घेतले, आफ्रिदीच्या बरोबरीनं स्पर्धेत सर्वाधिक. नवा चेंडू त्यानं सामन्यात आणला तो सरावात घोटल्यावर. "आणि सामन्यात टाकला किती? मोजका. नव्या हत्याराची पारख कशानं होते? ते कधी बाहेर काढायचं नाही, हे कळलं की."

"मग तुमची नवी डिस्क कधी बाहेर काढायची नाही?"

"पाठीवर वारा असताना. ते आज कळलं."

माझं मत विचाराल तर दोघांनी दोन वेगळ्या वयांसाठी दोन वेगळी उत्तरं धरली होती. शिकणाऱ्या मुलीला लांब फेकू द्यावं, वाकडी गेली तर जाऊ द्यावी. इथं बाई बरोबर. पण नवी डिस्क पारखताना बाईंची मोजपट्टी फसवते. नवी वस्तू हातात आली की माणूस जोर लावतो, एखादी फेक भन्नाट जाते आणि श्रेय डिस्कला मिळतं. त्या दिवशी बाईंची ओढ्यातली फेक सगळ्यांच्या पुढं होती आणि तिच्यापुढं टाकायला जागा नव्हती. नवी डिस्क जुनीच्या शेजारी ठेवून, एकाच जागेवरून, आलटून पालटून, वाऱ्याच्या दोन्ही अंगांनी फेकावी आणि पाहावं ते कुठली कमी विखुरते. हे काम कंटाळवाणं आहे. सरांसारखा निवृत्त माणूसच ते मनापासून करतो.

निघताना बाईंनी टीबर्ड मागितली नाही. झिजलेली लेपर्ड मागितली, शाळेसाठी. कारण सांगितलं ते असं की पोरांच्या हातात अजून जोर नाही, त्यांच्याकडून ती फार कलंडणार नाही, सरळच जाईल. हे बरोबर आहे. कमी वेगाच्या हाताला झिजलेली, कलंडणारी डिस्कच सोपी जाते. तास संपताना मार्क किती, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

तुमचं कुणी परदेशातून येणार असेल आणि काय आणू असं विचारत असेल, तर एवढं सांगा: पहिला आकडा सहा किंवा सात, त्यावर नको. वजन एकशेसत्तर ग्रॅमच्या आत. प्लास्टिक टिकाऊ प्रतीचं, कारण आपला दगड स्वस्तातलं प्लास्टिक लवकर खातो. जमल्यास एकाच जातीच्या दोन आणा, म्हणजे एक मुरत असताना दुसरीशी ताडून पाहता येते. आणि रंग गुलाबी किंवा नारिंगी. हिरवी आणू नका, आषाढात ती गायरानावर सापडत नाही.